फोन बनवणं सोडलं पण रॉयल्टी नाही सोडली

काल कट्ट्यावर क्वालकॉमवरून, म्हणजे मोबाईलच्या चिप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीवरून, जाम जुंपली. शेठचं मोबाईलचं दुकान आहे, सुरुवात त्यानेच केली. "फोन बनवणारा मरतो, दुकानदाराला मार्जिन सुटत नाही आणि हे सॅन दिएगोत बसून पेटंटची रॉयल्टी म्हणून प्रत्येक फोनमागे पैसे घेतात, हा कसला धंदा?"

वकील म्हणाला, अरे पण आधी ते फोन बनवायचेच की, सोनीबरोबर भागीदारी करून. सीडीएमएवर, म्हणजे यांच्या मोबाईल सिग्नल पाठवायच्या पद्धतीवर, कुणाचा भरवसाच नव्हता, फोन नाहीत म्हणून नेटवर्क कोणी टाकेना आणि नेटवर्क नाही म्हणून फोन कोणी बनवेना, मग चिप, फोन, टॉवरचं सामान सगळं यांनीच करून दाखवलं. १९९५ ला हाँगकाँगमध्ये चालू झालं, पुढच्या वर्षी कोरियात, आणि एकदा गाडी रुळावर आल्यावर १९९९ मध्ये टॉवरवालं काम स्वीडनच्या एरिक्सनला दिलं, फोनचं जपानच्या क्योसेराला विकायचं ठरवलं.

मास्तर म्हणे, पळ काढला. मला ते अजिबात पटलं नाही. ज्यांना चिप विकायची त्यांच्याशीच दुकानात स्पर्धा किती दिवस करणार? आणि विकताना अट बघा, क्योसेराने पाच वर्षं बहुतेक चिप यांच्याकडूनच घ्यायच्या, वर रॉयल्टी चालूच. याला पळणं म्हणत नाहीत राव.

पण रॉयल्टी लावायची पद्धत मात्र मला चुकीचीच वाटते आणि ते मी ठासून सांगितलं. टक्केवारी चिपवर नाही, अख्ख्या फोनच्या किमतीवर. ५जी ला स्टँडर्डच्या पेटंटसाठी, म्हणजे जी वापरल्याशिवाय ५जी फोन बनतच नाही त्यांच्यासाठी, ३.२५ टक्के, ४०० डॉलरच्या वरची किंमत धरत नाहीत, म्हणजे जास्तीत जास्त १३ डॉलर. आता दोन फोनमध्ये मॉडेम, म्हणजे नेटवर्कशी जोडणारी चिप, तोच, एकाला फक्त कॅमेरा भारी आणि स्क्रीन चांगली, तर त्या कॅमेऱ्याच्या पैशात क्वालकॉमचा वाटा का म्हणून?

वकील म्हणाला, फोनमधला नेटवर्क पकडणारा रेडिओ काढून घे, मग तुझा भारी कॅमेरावाला फोन कोण घेतो बघ. मुद्दा चांगला होता, पण मग पेटंटचं लायसन्स घेतल्याशिवाय चिपच देणार नाही, हे कशाला? चिप अडवली की समोरचा घासाघीस काय करणार, डोंबल? यावर २०१७ ला अमेरिकेत सरकारी केस झाली, २०१९ ला खालच्या कोर्टात क्वालकॉम हरली, २०२० ला अपिलात जिंकली. वकील लगेच "बघ, कायदेशीर आहे." असेल. पण चीनने २०१५ मध्ये ९७.५ कोटी डॉलर दंड लावला आणि तिथे विकायच्या फोनची ६५ टक्केच किंमत धरायला लावली, म्हणजे हिशोब बदलता येतो की, कोणीतरी अडून बसायला पाहिजे.

शेठ म्हणाला, आता अ‍ॅपलने स्वतःचा मॉडेम आणलाय, सुटले ते. कुठले सुटले, आयफोन १६ई मध्ये चिप त्यांची स्वतःची आहे, क्वालकॉमचं लायसन्स तरी लागतंच, कारण पेटंट चिपच्या तुकड्यावर नाही, सिग्नल पाठवायच्या पद्धतीवर आहे.