हो की नाही, एवढंच सांगा

लोकलमधला पत्त्यांचा डाव पोलिसांनी नाही, सॅकने बंद पाडला. ब्रीफकेसच्या काळात चार गुडघ्यांवर एक आडवी टाकली की टेबल तयार व्हायचं. आता सगळ्यांकडे सॅक. तिच्यावर इस्पिकची राणी टाकली तर ती आतल्या डब्याच्या उंचवट्यावरून घसरते आणि शेजारच्या भजनी मंडळाच्या पायाशी जाते. ते लोक ती परत देताना अशा नजरेने बघतात की पुढचा डाव मांडायची छाती होत नाही. म्हणून सकाळच्या ठाणे लोकलमधल्या आमच्या ग्रुपने डोक्याने खेळायचा खेळ सुरू केला. त्याला सपाट जागा लागत नाही, एवढाच विचार तेव्हा केला होता.

खेळ आणला शिकवणीवाल्या सरांनी. एकाने आपल्या कामावरचा, बाहेरच्याला न कळणारा शब्द टाकायचा. त्याचा कामावरचा अर्थ बाकीच्यांनी प्रश्न विचारून शोधायचा. शब्द टाकणाऱ्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. तिसरा शब्द काढला तर चहा त्याच्याकडून.

सर गणिताचे, त्यामुळे खेळाआधी हिशेब आलाच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तिच्यात सुमारे ६०,००० शब्द. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्यांतले निम्मे बाद करायचे. दोनाचा सोळावा घात ६५,५३६, म्हणजे सोळा प्रश्नांत अख्ख्या मोल्सवर्थमधला कुठलाही शब्द हाताला लागलाच पाहिजे. वीस प्रश्न मिळाले तर १०,४८,५७६ गोष्टींतून एक उचलता येते. मुलुंड सुटून नाहूर यायच्या आत सरांनी हे सगळं सिद्ध केलं. या हिशेबात त्यांनी भांडुपवाले धरले नव्हते.

भांडुपवाले भांडुपला चढतात. म्हणजे खेळ सुरू झाल्यावर. चढल्या चढल्या त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “खायची वस्तू आहे का?” शब्द कुठलाही असो. शेअर बाजारातले काका ‘बदला’ हा शब्द घेऊन आले, तेव्हाही. काकांचा आवाज अजून दलाल स्ट्रीटच्या रिंगमधलाच आहे, जिथे ओरडून सौदे व्हायचे. १९९५ मध्ये बोल्ट ही संगणकावरची व्यवस्था आली आणि सौदे पडद्यावर गेले, पण काका अजून समोरच्या बाकावरच्या माणसाला पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर ऐकू जाईल असं उत्तर देतात. “यात पैसे लागतात का?” “होऽ!” “वैर असतं का?” “नाऽही!” “यात पोलीस येतात का?” इथे काका जरा थांबले. त्यांनी खिडकीबाहेर विक्रोळी बघितली. मग म्हणाले, “शेवटी शेवटी येत होते.” सगळे चहा-चहा म्हणून ओरडले. घेतलेल्या शेअरचे पैसे भरायचे नसतील, तर व्याज मोजून सौदा पुढच्या व्यवहारावर ढकलायची ती पद्धत. सेबीने २००१ मध्ये बंद केली. आमच्यातल्या कोणाला आली नाही. सगळे सूड उगवण्यातच अडकले होते.

बेस्टचे कंडक्टरमामा ‘स्टार्टर’ घेऊन आले, त्या दिवशी भांडुपवाल्यांचा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा समंजस ठरला. मामा म्हणाले, “नाही.” भांडुपवाले मात्र पनीर चिली डोळ्यासमोर घेऊन बसले ते कुर्ल्यापर्यंत. स्टार्टर म्हणजे बस कधी सोडायची ते सांगणारा टर्मिनसवरचा माणूस, हे कळल्यावर ते मामांवरच रुसले.

मी बँकेत. मी ‘सस्पेन्स’ टाकला. पैसे आलेत पण कोणाचे ते कळत नाही, तेव्हा ज्या खात्यात ती नोंद तात्पुरती ठेवतात ते हे खातं. “यात कोणी मरतं का?” “नाही.” “शेवटी उलगडा होतो का?” आता याला काय उत्तर द्यायचं? नियमाप्रमाणे व्हायला हवा. मार्चअखेरीस साहेबांचा चेहरा बघितला तर नाही. मी “हो” म्हणालो ते केवळ नोकरीची लाज राखायला, आणि त्या एका ‘हो’मुळे सगळा डबा चुकीच्या रस्त्याने मशीद बंदरपर्यंत गेला.

एव्हाना एक गोष्ट लक्षात आली होती. सोळा प्रश्नांचा हिशेब बरोबर आहे, पण तो ज्यांचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही असतं, अशा लोकांसाठी आहे. आपल्याकडे ‘हो’ म्हणजे बऱ्याचदा ‘ऐकतोय, चालू द्या’. ‘हो हो’ म्हणजे ‘पुरे’. आणि ‘नाही’ एकटं कधी येतच नाही. ‘नाही म्हणजे’ असं येतं, आणि त्याच्यामागून जे काही येतं ते ‘हो’ असतं. “हे लोखंडाचं असतं का?” “नाही म्हणजे, असतं तसं.” त्यात प्रश्न विचारणाऱ्याला सरळ विचारवत नाही. “हे विजेवर चालत नाही ना?” समोरचा म्हणतो, “हो.” झालं. अर्धा ग्रुप म्हणतो, हो म्हणाला म्हणजे चालतं. उरलेला म्हणतो, हो म्हणजे तुमचं बरोबर आहे, चालत नाही. शेवटी सरांनी कायदा केला: प्रश्नात ‘नाही’ वापरायचं नाही. त्यावर मामांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे ‘नको’ चालेल?”

हे सगळं सुरळीत बिघडलेलं असताना ग्रुपमध्ये मालिकावाला पोरगा आला. मुलुंडला आमच्याबरोबर चढतो, घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीला जातो. कुठल्या तरी रोजच्या मालिकेत दिग्दर्शकाच्या हाताखाली आहे. पहिल्याच आठवड्यात तो फोनवर बोलताना आम्ही ऐकलं, “अरे, आपली बँक संपलीय! उद्यापर्यंत कसंही करून बँक करा, नाहीतर चॅनेल जीव घेईल.”

सहा माना एकदम वळल्या. बँक हा शब्द मुलुंडच्या लोकलमध्ये असा मोकळेपणाने उच्चारायचा नसतो. इथे प्रत्येकाच्या घरात कोणाची तरी ठेव कुठल्या तरी सहकारी बँकेत अडकून गेलेली आहे. पोरगा हसला आणि म्हणाला, “ओळखा. आमच्याकडे बँक म्हणजे काय?”

शब्द माझ्या धंद्यातला, त्यामुळे पहिला मान मला. “तिथे जमा करतात का?” “हो.” “काढतात?” “हो.” “पैसे?” “नाही.” मग काकांनी सूत्रं हातात घेतली.

“रिझर्व्ह बँकेला माहीत आहे का?”

“नाही.”

“पाच लाखांपर्यंतचा विमा आहे का?” फेब्रुवारी २०२० पासून ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे, हे काकांना आपल्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ.

“नाही.”

काकांचा चेहरा उतरला. आपले यात पैसेच गुंतलेले नाहीत, हे त्यांच्या गावीच नव्हतं. “बुडते का?” “नाही.” “मग संपते कशी?” हा प्रश्न हो-नाहीत बसत नाही म्हणून सरांनी बाद केला, आणि तेवढ्यात भांडुप आलं. “खायची वस्तू आहे का?”

खरी अडचण पुढे आहे. ज्याला घाटकोपरला उतरायचंय त्याला कांजूरलाच उठून दाराकडे सरकावं लागतं, नाहीतर तो विद्याविहार बघतो. त्यामुळे कांजूरनंतर हा पोरगा आम्हाला दिसतच नाही. त्याचा वर धरलेला हात दिसतो आणि त्या हातातलं कडं. प्रश्न आम्ही बाकावरून विचारायचा, मधली माणसं तो पुढे देणार आणि उत्तर त्याच वाटेने परत येणार. मधली माणसं ग्रुपची नसतात. एकदा सरांनी विचारलं, “ती गोष्ट डोळ्यांना दिसते का?” परत आलं, “चष्मा आहे म्हणतो.” एकदा नुसतंच आलं, “मान हलवली.” कशी हलवली? “हलवली, एवढंच दिसलं.” उभी का आडवी, यावर दोन साक्षीदारांचं जमलं नाही. आणि कोणाची हलली, यावर तिघांचं.

घरी मी हा विषय काढला तो केवळ वैताग म्हणून. बायको कणीक मळत होती. मी म्हटलं, मालिकावाले बँक कशाला म्हणतात कोण जाणे. ती वर न बघता म्हणाली, “आधी शूट करून ठेवलेले भाग. पुढच्या आठवड्याचे हाताशी असले म्हणजे बँक आहे. लॉकडाउनमध्ये शूटिंग थांबलं, सगळ्यांची बँक संपली, म्हणून नाही का जुनेच भाग दाखवत होते?” तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. सोळाचा हिशेब तिला सांगावा असं मला वाटलं, पण तिचे हात भरलेले होते आणि लाटणं जवळ होतं.

पुढे काही दिवस पोरगा गाडीला दिसलाच नाही. बँक रिकामी झाली की ही मुलं सेटवरच झोपतात, अशी माहितीही बायकोकडूनच मिळाली. मी तोंड दाबून बसलो. नियम असा की उत्तर शब्दाच्या मालकाने मान्य केल्याशिवाय धरायचं नाही. सरांनी मधल्या काळात रक्तपेढी आणि पॉवर बँक हे दोन तर्क वहीत लिहून ठेवले. काका पाच लाखांवरच होते.

तो उगवला तेव्हा डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, आणि गाडी तुडुंब. आत यायला जागाच मिळाली नाही, मुलुंडपासून दारातच लटकला. विक्रोळी सुटल्यावर मी उभा राहिलो आणि नीट, एकही ‘नाही’ न वापरता विचारलं, “पुढचे भाग आधीच करून साठवून ठेवता, त्यालाच बँक म्हणता का?”

प्रश्न निघाला. दोघातिघांच्या डोक्यावरून गेला. मध्ये भांडुपवाले उभे होते. त्यांनी तो घेतला आणि आपल्या परीने पुढे पाठवला, “अरे, भाजी आधीच करून ठेवता का, विचारतायत!”

दारातून स्वच्छ उत्तर आलं, “नाही!”

सरांनी वहीत माझ्या तर्कापुढे फुली मारली. मी समजावायला तोंड उघडलं तोवर घाटकोपर आलं, अर्धा डबा पोराला घेऊन खाली उतरला आणि त्याच्या दुप्पट वर चढला. चेंगराचेंगरीत काकांचं कोपर माझ्या बरगडीत आलं.

“मी म्हणतच होतो,” ते सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “विमा नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं आहेच!”