बँड मोडायच्या आधी रेकॉर्ड करा

गेल्या रविवारी भाचा घरी आला. चहा अर्धा ठेवून म्हणाला, "मामा, बँड संपला आमचा. ड्रमवाला बेंगळुरूला जाऊलालाय. एक तारखेला जॉइन व्हायचंय त्याला." मी विचारलं, तुमची ती चार गाणी रेकॉर्ड केलीत का? तर म्हणतो, "आता करून काय उपयोग सांग की. बँडच नाही तर ऐकणार कोण?"

मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. पोरगा निघून गेला, पण तो प्रश्न काही जाईना. म्हणून हे लिहितोय. त्याच्यासाठी, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पोटमाळ्यावर नाहीतर गोदामात ॲम्प लावून बसणाऱ्या सगळ्याच पोरांसाठी.

स्लिंट नावाचा एक बँड होता. अमेरिकेत केंटकी राज्यात ओहायो नदीच्या काठावर लुईव्हिल शहर आहे, तिथला. नदी ओलांडली की इंडियाना राज्य लागतं. म्हणजे तेही आपल्या बेळगावसारखं हद्दीवरचंच गाव, फक्त पूल ओलांडल्यावर तिथं भाषा बदलत नाही. ब्रायन मॅकमहान आणि ब्रिट वॉलफर्ड हे दोघं लहानपणापासूनचे दोस्त. त्यांना डेव्हिड पाजो हा गिटारवाला मिळाला आणि १९८६ च्या सुमारास बँड उभा राहिला. 'ट्वीझ' ही पहिली रेकॉर्ड स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केली, ती बाजारात आली १९८९ मध्ये. त्यातल्या गाण्यांना पोरांनी आपापल्या आईवडिलांची नावं दिली होती, आणि एका गाण्याला वॉलफर्डच्या कुत्र्याचं. मला हे फार आवडतं. ज्या घरांनी तो सगळा गोंगाट सहन केला, त्या घरांची नावं गाण्यांवर आली.

बेस वाजवणाऱ्या ईथन बकलरला त्या रेकॉर्डचा आवाज पटला नाही, तो बाहेर पडला. टॉड ब्रॅशियर आला. मग १९९० चा उन्हाळा. वॉलफर्डच्या आईवडिलांच्या घराचं तळघर, आणि तीच ती सहा गाणी, पुन्हा पुन्हा. ऑगस्टमध्ये शिकागोला जाऊन ब्रायन पॉलसन या ध्वनिमुद्रकाबरोबर त्यांनी ती थोडक्या दिवसांत रेकॉर्ड केली. पोरं विशीच्या आसपासची. रेकॉर्डचं नाव 'स्पायडरलँड', लांबी चाळीस मिनिटांच्या आत. 'टच अँड गो' या शिकागोच्या कंपनीने ती मार्च १९९१ मध्ये काढली.

आणि ती दुकानात पोचायच्या आधीच बँड मोडला होता! रेकॉर्डच्या मागच्या बाजूला एक ओळ छापलेली आहे, गायिका हवी आहे, इच्छुकांनी पत्र लिहावं, अशी. खाली पत्ता. जो बँड उरलाच नव्हता, त्याची ती जाहिरात.

हे संगीत कसं आहे ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे रॉक म्हटलं की लोकांना फक्त आरडाओरडा आठवतो. यात मॅकमहान बहुतेक वेळ गातच नाही, बोलतो. हळू, पुटपुटल्यासारखं. पहिल्या गाण्यात एक माणूस जत्रेत जातो, भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तंबूत शिरतो, आणि मग दोघंही रोलर कोस्टरमध्ये बसतात. बस्स, एवढीच गोष्ट. पण ती सांगताना खालची गिटार सात मात्रांवर चालते. रूपक ताल कानात असलेल्या माणसाला ते लगेच कळतं. माझ्या ओळखीच्या एका तबलजींना मी ते ऐकवलं, त्यांना शब्द एक कळला नाही, पण दुसऱ्या आवर्तनाला त्यांचा हात मांडीवर बरोबर पडायला लागला. गोंधळी आख्यान सांगताना बोलता बोलता कधी गायला लागतो आणि संबळ कधी चढते ते जसं आपल्याला कळत नाही, तसं इथं होतं. आधी शांत, जवळजवळ काहीच नाही. दोन सुरांच्या मध्ये इतकी जागा सोडलेली की खोलीतला पंखा ऐकू यावा. आणि मग एकदम सगळं अंगावर येतं.

शेवटच्या गाण्यात फुटलेल्या जहाजाचा कप्तान एका घराचं दार ठोठावतो. आत एक लहान मूल आहे. सगळं गाणं दबक्या आवाजात जातं आणि अखेरीला तो 'तुझी आठवण येते' असं ओरडतो, घसा फुटेपर्यंत. ते रेकॉर्ड करताना मॅकमहान खरोखर आजारी पडला होता. मी ते पहिल्यांदा ऐकलं २००६ मध्ये, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या सायबर कॅफेत, एक कान बंद पडलेल्या हेडफोनवर. पुण्याहून आलेल्या मित्राने एमपीथ्रीची सीडी दिली होती. बाहेर गाडी येणार म्हणून गेट पडलं होतं. गेट उघडलं, गर्दी गेली, मी तिथंच बसून राहिलो.

त्या रेकॉर्डचं मुखपृष्ठ एकदा बघा. वर बँडचं नाव नाही, रेकॉर्डचं नाव नाही. काळापांढरा फोटो, पाण्याने भरलेली दगडाची खाण, आणि पाण्यावर चार डोकी. नदीपलीकडे इंडियानात युटिका इथली ती खाण. फोटो काढला त्यांच्याच दोस्ताने, विल ओल्डहॅमने, जो पुढे स्वतः मोठा गायक झाला. मला तो फोटो बघताना परका वाटलाच नाही. आपल्याकडे गावाबाहेर बंद पडलेल्या खाणी आहेत, पावसाळ्यात भरतात, आणि घरच्यांनी कितीही ओरडलं तरी पोरं तिथं पोहायला जातात. आम्हीही जायचो. आम्हीही चौघंच होतो.

आमचाही बँड होता, २००७ ते २००९. खानापूर रोडला एका दोस्ताच्या कौलाच्या गोदामात वाजवायचो. गिटारवाला कन्नड घरातला, ड्रम वाजवणारा वारकऱ्याच्या घरातला, लहानपणापासून भजनात मृदंगावर बसलेला. गाणी कुठल्या भाषेत करायची यावर आमची भांडणं व्हायची, खरी भांडणं. कॉलेजच्या फेस्टमध्ये लोकांना हिंदी हिट नाहीतर इंग्रजी कव्हर हवं असायचं. आम्ही एकमेकांशी जे बोलायचो, ते अर्धं मराठी अर्धं कन्नड बेळगावी बोलणं, त्यात गाणं होऊ शकतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. स्पायडरलँड ऐकल्यावर ते कळलं. ही पोरं घरात बोलतात तशी बोलत होती. मग आम्ही एक गाणं तसं केलं. नऊ मिनिटांचं. त्यात मधे गिटारवाला एकच सूर लांबवत राहायचा आणि पत्र्यावर पाऊस पडत असला तर आम्ही मुद्दाम थांबायचो.

ते गाणं आज कुठंही नाही. गिटारवाल्याला पुण्यात नोकरी लागली, मी इथं दुकानात बसलो, ड्रमवाला हुबळीला गेला. रेकॉर्ड करू, करू म्हणत राहिलो. परवा गिटारवाल्याला फोन करून विचारलं, तो मधला भाग आठवतो का रे? त्याने फोनवर दोन ओळी गुणगुणल्या आणि थांबला. मलाही त्याच्या पुढचं आठवेना. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

म्हणून सांगतोय. स्लिंट मोडला तेव्हा त्या रेकॉर्डची फार कोणी दखल घेतली नव्हती. अल्बिनीने 'मेलडी मेकर' या इंग्लंडच्या संगीत साप्ताहिकात तिला दहापैकी दहा तारे दिले, ते तेव्हा किती जणांनी मनावर घेतलं असेल? पण ती रेकॉर्ड एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. १९९५ मध्ये एका सिनेमाच्या रेकॉर्डवर ते कप्तानाचं गाणं आलं. ग्लासगोच्या मोग्वाय या बँडवर तिची छाप पडली. आज पोस्ट-रॉक म्हणून रॉकचा जो प्रकार ओळखला जातो, त्यातलं कितीतरी त्या तळघरातून निघालेलं आहे. पोरं मात्र आपापल्या वाटेला लागली होती. पाजो कितीतरी बँडमधून वाजवत राहिला, ब्रॅशियरने लुईव्हिलमध्ये व्हिडिओचं दुकान चालवलं. २००५ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, २००७ मध्ये सगळी रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटापर्यंत स्टेजवर वाजवली. लोक ओळखीचं गाणं ऐकायला आले होते, बँड मोडून सोळा-सतरा वर्षं झाल्यावर. २०१४ मध्ये लान्स बँग्जने त्यांच्यावर माहितीपट केला, त्यात ते तळघरही आहे आणि वॉलफर्डचे आईवडीलही.

भाच्याला मी असं वचन देणार नाही की तुझ्याही गाण्यांचं असंच होईल. त्या पोरांना शिकागो गाडीने काही तासांवर होतं, ऐकून घेणारी कंपनी होती. आपल्या गावावर दोन राज्यं हक्क सांगतात, पण इथली पोरं गोदामात काय वाजवतात ते ऐकायला दोन्हीकडून कोणी येत नाही. हे मला मनापासून लागतं. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढे वाजवणारे हात या गावात हजारोंनी आहेत. कुमार गंधर्वांचा जन्म इथून जवळच्या सुळेभावीचा. कान नाहीत असं नाही. पण जे रेकॉर्डच झालं नाही ते कोण ऐकणार?

तर भाच्या, ड्रमवाल्याला सांग, एक तारखेला जायच्या आधी दोन दिवस दे. माझ्या दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे, पोत्यांनी भिंती झाकू. इंटरफेस (माइक संगणकाला जोडायची पेटी) आणि दोन माइक मी कोल्हापूरहून भाड्याने आणतोय, पैशाचं माझ्याकडे लागलं. चौघंही शनिवारी सकाळी सातला या, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत पहिलं गाणं घेऊ. येताना लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड आणा, माझा जळलाय.