महाराजांच्या पत्रात तीन-तीन उद्गारचिन्हं?

परवापासून सगळ्या ग्रुपांवर "महाराजांनी स्वहस्ते लिहिलेले दुर्मिळ पत्र" फिरतंय. पिवळा कागद, कडा जळक्या, खाली "खरा मावळा असाल तर दहा जणांना पाठवा". डोकं सटकलंय नुसतं.

मोडी लिपी कॉम्प्युटरच्या फाँटातली, प्रत्येक 'स' आधीच्या 'स'ची झेरॉक्स. अरे, कारकून बोरूने आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारायचा आणि तिला अक्षरं लटकवत जायचा. शब्द कुठे तुटला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. इथे शब्दागणिक मोकळी जागा, स्वल्पविराम, आणि कहर म्हणजे उद्गारचिन्हं. एक नाही, तीन! "प्रतिपच्चंद्रलेखेव" मुद्रा सहीसारखी तळाला डकवलेली. ती माथ्यावर असते हो! तळाला "मर्यादेयं विराजते" येतं, म्हणजे मजकूर इथे संपला, पुढे कुणी काही घुसडू नये. यांचा बंदोबस्त तेव्हाच करून ठेवला होता, पण ऐकतंय कोण.

तारीख? "4 मार्च 1671"! त्या काळचं पत्र "अजरख्तखाने" या फारसी मायन्याने सुरू होतं आणि सन सुहूर, म्हणजे तेव्हाच्या सरकारी कागदांवरचा, असतो, तोही अरबी शब्दांत: इहिदे सबैन अलफ, म्हणजे 1071. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात 599 मिळवायचे, जानेवारीनंतर 600. आणि या 1671 च्या पत्रात "क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती"! राज्याभिषेक 1674 चा, राज्याभिषेक शक तिथून पुढे. "स्वहस्ते"बद्दल तर बोलायलाच नको. महाराजांच्या हस्ताक्षरातला एकही निर्विवाद कागद आपल्याकडे नाही.

हे सगळं ग्रुपवर सविस्तर टाकलं. उत्तरादाखल दोन हात जोडलेले आणि एक "जय शिवराय". सुहूर सनाचा हिशेब व्हॉट्सॲपवर समजावणाऱ्याला आणखी काय मिळणार म्हणा.

खरी पत्रं काय कमी आहेत? चिपळूणच्या लष्कराला लिहिलेलं वाचा. दिवे तसेच ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, मग पावसाळ्यात घोडी काय खातील? 1676 चं कोकणातल्या प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेलं वाचा, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणून. पण यात कुणाला शिवी नाही, निवडणुकीच्या फ्लेक्सवर टाकायला तलवार नाही, मग फॉरवर्ड कोण करणार? झाडं तोडू नका हा मजकूर मात्र दरवर्षी महाराजांच्या नावावर येतो. तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथातला आहे, महाराजांनंतर पस्तीस-छत्तीस वर्षांनी लिहिलेला.

जयंतीचं तर विचारूच नका. फाल्गुन वद्य 3, शके 1551 म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, तेही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपी कॅलेंडरचं. जेधे घराण्याची तारीखवार नोंदवही, जेधे शकावली, सगळ्यांसमोर आहे, तरी दरवर्षी तिथी की तारीख यावर डोकी फुटणार. ज्या भांडारकर संस्थेत पोथ्या जपल्या ती 2004 मध्ये फोडताना यांना इतिहासाचं प्रेम आठवलं होतं! पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद रुमालांत बांधून पडलेत, तिकडे कुत्रं फिरकत नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदी हव्या झाल्या तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची अचानक शोधाशोध. दाखला मिळाला की परत रामराम.

आत्ताच दुसऱ्या ग्रुपवर तेच पत्र पुन्हा आलंय. या वेळी जळक्या कडांवर गुलाबाची फुलं आहेत.