ठाणे खाडी एका बाटलीत?

‘खाडीचं बाटलीभर पाणी लॅबला द्या, कोणते प्राणी आहेत, किती आहेत, सगळं कळतं. आता पक्षीगणना नको, कॅमेरे नकोत, जनावरांना त्रासही नाही.’ ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज जोरात फिरतोय. तंत्र खरं आहे. लाळ, विष्ठा, कातडीच्या पेशी पाण्यात पडतात. पाणी गाळून त्यातला डीएनए ओळखता येतो. फ्रान्समधल्या तळ्यांतले बुलफ्रॉग २००८ मध्येच असे शोधले होते. पण मेसेजमधले दावे?

‘किती आहेत ते कळतं.’ नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या पाणवठ्यात बिबट्याचा डीएनए मिळाला, तर बिबट्या येऊन गेला एवढंच. एक की तीन, हे अंगावरच्या ठिपक्यांवरून कॅमेरा ट्रॅपच (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) सांगतो.

‘कोणते आहेत ते कळतं.’ खरी गफलत इथेच आहे. भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून दोनदा वरखाली होतं. ऐरोलीला भरलेल्या बाटलीतला अंश वाशीकडून आलेला असू शकतो. त्यात ही शहराची खाडी. तुमच्या-आमच्या सिंकमध्ये धुतलेल्या सुरमईचं पाणी नाल्यांतून शेवटी इथेच येतं. रिपोर्टमध्ये कोंबडी आणि बोकड निघाले तर आपण हसू. सुरमई निघाली की मात्र ‘खाडीत सुरमई परतली’ अशी बातमी व्हायची!

उलटही होतं. गढूळ पाण्याने फिल्टर पटकन चोंदतो, कांदळवनातलं टॅनिन (झाडांतलं तुरट द्रव्य) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखण्याची लॅबमधली प्रक्रिया, अडवतं, ऊन-उष्म्याने डीएनए लवकर विरतो. म्हणजे प्राणी असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. उद्या कुणी ‘कोल्ह्याचा डीएनए मिळाला नाही, सबब इथे कोल्हे नाहीत’ असं लिहून कांदळवनावर भराव टाकायला निघालं, तर हाच मेसेज पुरावा म्हणून पुढे येईल. मला धास्ती आहे ती याची.

‘त्रास नाही.’ बराचसा मान्य. जाळी-सापळ्यांपेक्षा हे कितीतरी बरं. फक्त ओहोटीला फ्लेमिंगो चिखलात चरत असताना होडी आत घातली, तर थवा उठणारच.

आणि पक्षीगणना कशाला बंद करायची? मोठा फ्लेमिंगो कोणता, लहान कोणता, हे दुर्बिणीतून चोचीवरूनही कळतं. बाटली वापरायचीच तर गढूळ पाण्यात न दिसणाऱ्या माशांसाठी वापरा. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटलीही त्याच सामानातून गाळा. तिच्यातही सुरमई निघाली, तर ती नमुने घेणाऱ्याच्या डब्यातली.