फियाटच्या डॅशबोर्डला हात का लावला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

1968च्या फियाट 1100 डिलाइटच्या आतल्या कामावर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. 'गाडी जपली नाहीत, नटवलीत. डॅशबोर्डचा मूळ रंग खरवडला, मूळ रेक्झिन फेकून दिलं, आता या गाडीला व्हिंटेज नंबरही मिळायचा नाही,' असं तुम्ही म्हणता. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहण्याच्या काळात तुम्ही तुमची फियाट घेतलीत आणि अजून सांभाळली आहे. तुमच्यासारख्या माणसाला 'आभारी आहे' एवढंच लिहून मोकळं होणं मला पटत नाही.

नंबरचं आधी सांगतो, ते लवकर संपेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी (खालचा सांगाडा), बॉडी शेल (वरचा पत्र्याचा साचा) आणि इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. फियाटचा डॅशबोर्ड पत्र्याचा आहे. आम्ही तो कापला नाही, त्याला नवं भोक पाडलं नाही, म्युझिक सिस्टिमसाठी जागा केली नाही. सीटचं रेक्झिन बदलल्याने नंबर अडेल असं त्या नियमात मला काही दिसत नाही.

आता रंग. फोटोत तुम्हाला दिसलेला क्रीम रंग कारखान्याचा नव्हता. मीटर बाहेर काढला तेव्हा त्याच्या कडेखाली, जिथे नंतरच्या कुठल्याच पेंटरचा ब्रश पोचला नव्हता, हिरवट राखाडी रंगाची बोटभर पट्टी निघाली. ग्लोव्ह बॉक्सच्या आतही तोच. मग एका कोपऱ्यात बारीक वॉटर पेपरने पाणी मारत हळूहळू घासलं. वर क्रीम, त्याखाली पुट्टी, त्याखाली गडद निळा, मग पुन्हा एक प्रायमर, आणि तळाशी हा राखाडी. निळ्याची कड पेपरखाली इतकी स्वच्छ उमटली की कोणता थर कुठे संपतो ते बोटाच्या नखाला कळत होतं. म्हणजे आम्ही खरवडलं ते मधल्या लोकांचं काम.

तरीही तुम्ही विचाराल, तो क्रीम तरी का नाही ठेवला? तोही गाडीच्या इतिहासाचाच भाग. प्रश्न रास्त आहे, आणि पत्रा धड असता तर मी कदाचित ठेवलाही असता. पण पुढच्या काचेचं रबर कडक होऊन आक्रसलं होतं आणि दर पावसाळ्यात पाणी दोन्ही कोपऱ्यांतून डॅशबोर्डवर उतरत होतं. तिथला रंग फुगला होता. टोकरलं की खालून गंजाची भुकटी. गंज रंगाखाली थांबत नाही. ओल आणि हवा मिळाली की तो पुढे सरकतच राहतो, आणि वरून सुंदर दिसणारा जुना थर आतला पत्रा खातो आहे हे कळायलाच उशीर होतो. अशा ठिकाणी 'जसं आहे तसं' ठेवणं म्हणजे पत्रा गमावणं. कोपरे साफ करून प्रायमर मारला, रबर नवं बसवलं, मगच रंग. शेड ग्लोव्ह बॉक्सवरून जुळवली. पेंटरने पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून तो सावलीत धरला, मग भर उन्हात. दोन्हीकडे जुळल्यावरच पुढे गेलो. ग्लोव्ह बॉक्सच्या आतला आणि मीटरमागचा मूळ रंग मात्र तसाच आहे, कुणालाही पडताळून पाहता येईल.

रेक्झिनची गोष्ट वेगळी आहे. कापडावर पीव्हीसीचा थर असतो आणि तो मऊ राहावा म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हाने ते वर्षानुवर्षं बाहेर पडत जातं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात उघड्यावर लावलेल्या गाडीत आतला पत्रा आणि रेक्झिन साठ अंशांच्या वर सहज तापतं. ते द्रव्य गेलं की रेक्झिन पापडासारखं तडकतं, आणि कोणतंही पॉलिश ते परत आत घालू शकत नाही. पुढच्या सीटवर बसलं की शिवणीच उसवत होत्या, आतल्या काथ्याचा भुगा खाली पडत होता. ते उतरवताना प्रत्येक पट्टीची रुंदी आणि पायपिंगची, म्हणजे शिवणीवरच्या गोल गोटाची, जागा कागदावर उतरवून घेतली. स्प्रिंगा मूळच्याच आहेत. मागच्या सीटची पाठ अजून मऊ होती. तिला ओल्या फडक्यापलीकडे काही लावलं नाही. नव्या-जुन्यातला फरक दिसतो, आणि तो दिसावा अशीच माझी इच्छा होती.

दारांचे पॅड आतून हार्डबोर्डचे. खालची कड ओलीने फुगून सुटली होती, म्हणून बोर्ड नवे कापले. डॅशबोर्डमागची वायरिंगही बदलली, कारण वायरचं आवरण वाकवताच तुटत होतं. तिथे आग लागली तर जपायला काही उरत नाही, यावर आपलं दुमत नसावं.

जिथे हात लावला नाही तेही सांगतो. मीटरची तबकडी पिवळसर झाली आहे, पण आकडे शाबूत आहेत. स्पिरिटने पुसलं तर छपाईच निघून येते, म्हणून कोरड्या मऊ ब्रशने फक्त धूळ काढली. सुई थरथरत होती, त्यासाठी केबल काढून साफ केली, ग्रीस दिलं. हँडल आणि पट्ट्यांपैकी जे भाग जस्ताच्या ओतकामाचे आहेत त्यांच्यावर बारीक खड्डे पडलेत. नवं क्रोम चढवायचं तर खड्डे जाईपर्यंत घासावं लागतं आणि त्यात मूळ नक्षीच्या कडा बोथट होतात. ते खड्डे मी ठेवले. अनेकांनी सागाचं व्हीनीअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवायचा सल्ला दिला होता. या गाडीत ते कधीच नव्हतं, त्यामुळे नकार दिला.

जुन्या गाड्यांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2012 साली ट्यूरिन सनद स्वीकारली. इमारतींच्या जतनासाठी 1964 साली झालेल्या व्हेनिस सनदेवर ती बेतलेली आहे. बदललेल्या भागावर कायमची खूण हवी, असं ती सांगते. म्हणून नव्या बोर्डांच्या आणि सीटच्या आतल्या बाजूला आम्ही साल लिहिलं आहे, आणि काढलेलं रेक्झिन फेकलेलं नाही. ते खोक्यात बांधून या गाडीच्या मालकांकडे दिलं आहे.

तुमच्या गाडीचं रेक्झिन अंगठ्याने दाबून बघा. दबून परत वर येत असेल तर कुणी काहीही सांगितलं तरी बदलू नका, चकाकी आणणारं पॉलिश लावू नका आणि वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाका. त्याखाली ओल कोंडते. गाडी सावलीत लावता आली तर उत्तमच.

आणि एक विनंती. चालकाच्या पायाखालचं मूळ रबरी मॅट मला पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाना पेठेतही मिळालं नाही, जुन्या बाजारातही नाही. सध्या साधं काळं मॅट टाकलं आहे आणि ते मला खटकतं. तुमच्याकडे मूळ असेल, तर कागद आणि पेन्सिल घेऊन येतो. त्यावरच्या रेघांचा ठसा घेऊ द्याल का?