2007 च्या आधी म्हणे काहीच नव्हतं

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय: “2007 मध्ये आयफोन आला आणि माणसाला पहिल्यांदाच वायरशिवाय, उभ्या उभ्या, दूरच्या कॉम्प्युटरमधली माहिती हातात बघता आली. त्याआधी ना इंटरनेट, ना मोबाईल डेटा. होते ते फक्त पेजर.”

“पहिल्यांदाच” इथेच गाडी घसरते. 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आयबीएमच्या दुरुस्ती इंजिनिअरांकडे मोटोरोलाचं केडीटी 800 हे टर्मिनल होतं. बारका कीबोर्ड, वर जेमतेम दोन ओळींचा पडदा, पोटात बॅटरी आणि रेडिओ. बिघडलेल्या मशीनपाशी उभं राहून पार्टचा नंबर टाइप करायचा. तो हवेतून टॉवरला, टॉवरवरून तारेने कंपनीच्या मुख्य कॉम्प्युटरला, आणि उत्तर त्याच वाटेने परत.

खरी गंमत पुढे आहे. ही माणसं काम करायची इमारतींच्या पोटात, जाड भिंतींआड. म्हणून शेजारशेजारचे टॉवर मुद्दाम एकाच फ्रीक्वेन्सीवर, एकमेकांच्या हद्दीत शिरतील असे उभारले. एकाचा सिग्नल भिंतीने खाल्ला तरी दुसऱ्याचा पोचायचा. “घरात रेंज नाही” म्हणत गॅलरीत धावणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून जरा ओशाळावं.

आजच्यासारखा मोबाईल डेटा तेव्हा नव्हता, कबूल. पण लागणार किती होता? या नेटवर्कचा वेग सेकंदाला 4,800 बिट. 200 केबीचा एक फोटो पाठवायला साडेपाच मिनिटं लागली असती. पंचवीस-तीस अक्षरांचा पार्ट नंबर मात्र सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास हवेतून जातो. प्रश्न एकाच डेटाबेसला विचारायचा, तर इंटरनेट हवंच कशाला? आणि रेडिओवरून कॉम्प्युटरशी बोलणं तेव्हाही नवं नव्हतं. हवाई विद्यापीठाचं अलोहानेट हे रेडिओ नेटवर्क 1971 पासूनच टर्मिनलं असं जोडत होतं. ती टेबलावरची होती, एवढंच.

पेजरचं तर सोडाच. त्या काळचा पेजर नुसता ऐकायचा. हा इंजिनिअर काम संपल्याची नोंद तिथूनच करायचा, पुढच्या दुरुस्तीचा कॉलही तिथेच घ्यायचा.

फॉरवर्डमध्ये तथ्य आहे ते इतकंच, की हे यंत्र तुमच्याआमच्यासाठी नव्हतं. 1990 मध्ये आयबीएम आणि मोटोरोलाने आपापली नेटवर्क एकत्र करून ‘आर्डिस’ काढलं आणि ते इतर कंपन्यांना खुलं केलं, तेव्हाही गिऱ्हाईक कंपन्याच होत्या.