256 खोल्यांचा वाडा

भावाभावांत सामाईक विहिरीचं पाणी वाटणं सोपं. लिनक्स सर्व्हरवरच्या एकाच गिट रिपॉझिटरीत (कोडचा इतिहास जपणाऱ्या कोठारात) पाच जणांना पुश करू देणं, म्हणजे आपापले बदल तिथे पाठवू देणं, अवघड, असं माझं ठाम मत आहे. विहिरीला निदान सातबारा असतो.

सुरुवात गोड असते. ग्रुप काढला, माणसं घातली, फोल्डर ग्रुपच्या नावे केलं, सगळीकडे एकदा 775 मारलं, म्हणजे ग्रुपलाही लिहायची परवानगी दिली. दोन दिवस सगळ्यांचे पुश जातात. तिसऱ्या दिवशी एकाचाच अडतो. तो वैतागून कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) मेसेज बदलतो, आणि पुश जातो! इथून ऑफिसात नवससायास सुरू होतात.

गोम अशी, की सुटा ऑब्जेक्ट (फाइल, फोल्डर किंवा कमिटची एक नोंद) गिट त्याच्या हॅशच्या, म्हणजे मजकुरावरून निघणाऱ्या ओळखक्रमांकाच्या, पहिल्या दोन अक्षरांच्या फोल्डरात ठेवतं. 00 पासून एफएफपर्यंत 256 खोल्या, पण लागेल तशी एकेक बांधायची. ज्याचा ऑब्जेक्ट पहिला, खोली त्याच्या नावावर. त्याचा यूमास्क (नव्या फायली-फोल्डरांतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ती सेटिंग) 022 असला की खोली 755: बाकीच्यांनी आत यावं, बघावं, पण काही ठेवू नये. मेसेज बदलला की हॅश बदलतो, खोली बदलते. शिवाय 100 किंवा जास्त ऑब्जेक्टचा पुश सुटा न होता अख्खा गठ्ठा होऊन आधीपासून सगळ्यांना उघड्या असलेल्या पॅकच्या कोठीत जातो. म्हणून महिन्याभराचं काम सुखरूप पोचतं आणि स्वल्पविरामाची दुरुस्ती दारात अडकते.

गिट इनिट करून रिपॉझिटरी उभारतानाच बेअरबरोबर (बेअर म्हणजे नुसतं कोठार, कामाच्या फायली नाहीत) शेअर्ड=ग्रुप लिहिलं असतं तर हे रामायण टळलं असतं. आता कॉन्फिगमध्ये कोअर.शेअर्डरिपॉझिटरीला ग्रुप करा, आतलं सगळं ग्रुपच्या नावे करा, मग सीएचमॉडला (परवानग्या बदलणाऱ्या कमांडला) जी+आरडब्ल्यूएक्स द्या, म्हणजे ग्रुपला वाचायची, लिहायची आणि फोल्डरांत शिरायची मुभा. त्यातला एक्स मोठाच हवा. छोटा दिलात तर साध्या फायलीही एक्झिक्युटेबल होऊन बसतात. शेवटी फक्त फोल्डरांना जी+एस, म्हणजे नवी खोली बांधणाऱ्याच्या नव्हे, वाड्याच्या ग्रुपमध्ये जन्मते.

ग्रुपात माणूस वाढवताना यूजरमॉड या कमांडला कॅपिटल जीआधीचा ए विसरू नका. विसरलात तर तो नव्या ग्रुपात येतो आणि मूळ ग्रुप सोडून बाकी सगळ्यांतून हाकलला जातो, ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडोसकट. हा प्रयोग ॲडमिन बहुधा स्वतःवरच करतो.

एवढं करूनही एक जण म्हणतोच, "माझं होत नाही." ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी ठरते, म्हणून त्याला बाहेर जाऊन परत यायला सांगावं. तो इमानदारीत बाहेर जातो, परत येतो आणि आठवड्यापूर्वीचं तेच टीमक्स, म्हणजे लॉगआउट करूनही मागे चालू राहणारं टर्मिनल, उघडून बसतो.